सुकतीला माईक

तीस वर्षं त्यांच्या सभेला भोंगे माझेच.
'सुस्वर साऊंड सर्व्हिस, वेळणे बंदर' :
दोन कर्णे, एक अ‍ॅम्प्लिफायर, शंभर वार वायर
आणि एक माईक,
ज्याच्या जाळीत पाच पक्षांची थुंकी सुकलीय.

पक्ष बदलला तर मी फक्त बॅनरची दोरी बदलतो.
बाकी सेटिंग तेच. बास कमी, एको थोडा जास्त.
एको लावला की दिलेला शब्द परत येतो,
निदान मशीनमधून तरी.

'जेटी देणार, देणार, णार, णार'
हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमचा दिगंबर पाळण्यात होता.
दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा वायर गुंडाळायला शिकला होता,
तिसऱ्यांदा, तो आखातात एसी दुरुस्त करत होता
आणि फोनवर म्हणाला,
बाबा, मागून कोण बोलतंय? ओळखीचा वाटतोय आवाज.
माणूस नवीन होता.

आता खोटं कशाला बोलू, जेटी झाली.
खडी आली, सिमेंट आलं, बिहारचे पोरगे आले,
आमच्या पडवीत राहिले, आमची पेज प्याले.
मोजणी झाली ती पुनवेला, भर उधाणात,
साहेबांना वेळ त्याच दिवशी होता.
उद्घाटनही तसंच, भरती बघून.
लाँच थेट लागली, नारळ फुटला,
साहेबांच्या बुटाला थेंब लागला नाही.
'शब्द पाळला की नाही?' असं त्यांनी विचारलं
आणि सगळ्यांनी टाळ्या दिल्या.
मीही दिल्या असत्या,
पण हात आवाजाच्या बटणावर होते.

मग सुकती लागली.
पाणी चाळीस फूट मागे गेलं
आणि जेटी राहिली गाळावर बसून,
पाय न पोचणारं मूल पाटावर बसतं तशी.

दुसरे आले. म्हणाले, आधीच्यांनी चाळीस फूट खाल्ले,
आम्ही देऊ.
निवडून आले, म्हणाले, निधी.
मग तिसरे आणि पहिले एकत्र आले,
तेव्हा कोणी कोणाचे किती फूट खाल्ले
हा हिशेब मिटला.
माझं बिल मात्र दोन्ही सरकारांकडे आहे.

बर्वे मास्तर म्हणतात, अर्धा पाळला, अर्ध्याला मार्क द्यावेत.
हौसा पावशीण म्हणते,
"पाळला रं, भरतीला पाळला.
आमची होडी सुकतीला येते, त्याला ते बिचारे काय करणार?"
आणि डोक्यावरची चुंबळ नीट करते.
ती हसते आहे की नाही
हे मला अजून कळलेलं नाही.

परवाची सभा जेटीवरच झाली.
चाळीस फूट पुन्हा मिळाले, वर बर्फाचा कारखाना.
साहेब जेवायला सरपंचांकडे गेले.
खुर्च्या गेल्या, सतरंजी गेली,
मी माईक बंद करायला हात नेला
आणि तसाच राहू दिला.
माईक जेटीच्या टोकाला,
कर्णा उंडीच्या झाडावर, तोंड सरपंचांच्या माडीकडे.

होडी लागली, म्हणजे लागली नाही, अलीकडेच रुतली.
हौसा उतरली. मेहरून सोलकर उतरली.
मांडीपर्यंत गाळ.
पचक्. मग थांबणं. मग पाय ओढून काढणं.
पचक्.
"धर गो, माजी पाटी धर."
बर्फाचं पाणी ठिबकलं तेही ऐकू आलं,
मेहरूनच्या बांगड्या, कोणाचातरी दम,
सगळं बंदरभर.

वर साहेबांच्या हातात सुरमईची तुकडी होती म्हणे.
थांबून विचारलं त्यांनी, कोण बोलतंय?

बोलत कोणीच नव्हतं.
मी एको काढायला विसरलो होतो,
तेवढंच.
एकेक पाऊल दोनदा रुतत होतं.